महाधमनीवरची जन्मखूण

गणपतीच्या आधीचे चार दिवस मुंबई-गोवा महामार्गाला झोप नसते. चाकरमानी रात्रभर गाडी हाकत गावाकडे येत असतात. डिकीत मखराचे सामान, मागच्या सीटवर पेंगणारी पोरे, आणि चालवणारा कशेडीपासून केवळ चहावर जागा. आमचे नांदगाव याच रस्त्यावर, मुंबईहून येताना कणकवलीच्या अलीकडे. तिठ्यावरून एक फाटा देवगडकडे जातो. आंब्याच्या दिवसांत त्या फाट्यावर पेट्यांचे टेम्पो आणि गणपतीच्या दिवसांत नवसाची माणसे. रस्ता दुपदरी होता तेव्हा अपघात समोरासमोर होत. चौपदरी झाल्यावर ते मागून होऊ लागले आणि वेग वाढला. माझ्या दवाखान्याच्या चाळीस वर्षांत रस्त्याने केलेली प्रगती मला मुख्यतः या फरकावरून कळली.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे आमच्या वाडीतल्या एका घरचा मुलगा मुंबईहून गाडी घेऊन येत होता. वय सव्वीस. गाव दहा मिनिटांवर असताना रस्त्याच्या कडेला चिरे भरलेला एक ट्रक दिवा न लावता उभा होता, त्याच्या पाठीवर गाडी आदळली. पट्टा लावलेला होता, हवेची पिशवी उघडली. पोरगा स्वतः दार उघडून बाहेर आला आणि रस्त्याच्या कडेला बसून त्याने घरी फोन केला. तोंडावर ओरखडा नाही. फक्त डाव्या किंवा उजव्या कुठल्याशा खांद्यापासून कमरेपर्यंत जानव्यासारखा निळसर वळ उठलेला. (उजवा खांदा. चालवणाऱ्याचा पट्टा आपल्याकडे उजव्या खांद्यावरून येतो, हे लिहिता लिहिता आठवले.)

जवळच्या एका रुग्णालयात त्याला नेले, छातीचा सीटी स्कॅन केला, आणि दुपारी कागद हाती आला. त्या कागदाचा सारांश असा होता: महाधमनीच्या कमानीच्या पुढे, खालच्या आतल्या बाजूस फुगवटा दिसतो, अपघाती इजा नाकारता येत नाही, छातीच्या शल्यविशारदाचा तातडीने सल्ला घ्यावा. तो कागद घेऊन मुलाचे वडील माझ्या ओटीवर आले. निवृत्त झालो तरी वाडीच्या दृष्टीने मी डॉक्टरच.

"डॉक्टरानू, काळजाची मोठी शीर फाटली म्हणतत. माका सांगा, ह्यो वाचतलो मां?"

कागदावर 'फाटली' असे कुठेही लिहिलेले नव्हते. 'नाकारता येत नाही' असे लिहिले होते. पण रुग्णालयाच्या दारापासून माझ्या ओटीपर्यंत येताना एवढे भाषांतर होतेच, आणि त्याबद्दल बापाला दोष कसा द्यायचा?

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी. छडीच्या मुठीसारखी ती आधी वर जाते, मग मागे व डावीकडे वळून कमान करते आणि कण्याला चिकटून खाली पोटात उतरते. कमानीवरून डोक्याला व हातांना रक्त नेणाऱ्या शाखा निघतात. त्यांनी कमान वरून धरलेली असते. खाली उतरणारा भाग कण्याशी बांधलेला. मधला भाग त्या मानाने मोकळा, झुलता. गाडी ताशी ऐंशीवरून एका क्षणात शून्यावर येते तेव्हा छातीचा पिंजरा थांबतो, पण आतले हृदय आणि त्यातले रक्त अजून ताशी ऐंशीनेच पुढे निघालेले असते. सगळा ओढा येतो तो मोकळा भाग आणि बांधलेला भाग जिथे मिळतात तिथे. डावी भुजधमनी निघाल्यानंतरचा हा इंच-दीड इंचाचा गळा. डॉक्टर त्याला इस्थमस म्हणतात. रुग्णालयात जिवंत पोचलेल्या रुग्णांमध्ये महाधमनीची अपघाती इजा सापडते ती बहुतेक वेळा येथेच.

हे ज्ञान तसे जुने आहे. घोड्यावरून पडलेल्या माणसाची महाधमनी अशी इजा पावल्याची नोंद आधुनिक शरीररचनाशास्त्राचा जनक व्हेसालियस याने १५५७ मध्ये केली होती. पण घोड्याचा वेग तो किती! मोटार आली आणि ही दुर्मीळ नोंद नेहमीची झाली. १९५८ मध्ये अमेरिकेत पार्मली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २७५ जणांच्या शवचिकित्सांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून निघालेला हिशेब आजही शिकवला जातो: शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास जागीच जातात. उरलेल्या पंधरांत धमनीची आतली दोन आवरणे फाटलेली असतात, पण बाहेरचे पातळ आवरण रक्त धरून ठेवते. तिथे एक खोटी पिशवी तयार होते. माणूस बोलतो, चालतो, पाणी मागतो. ती पिशवी किती वेळ धरून ठेवील हे कोणी सांगू शकत नाही.

म्हणजे कागदावर लिहिलेला 'फुगवटा' जर ती पिशवी असेल तर घाई करायलाच हवी होती. मी काही क्ष-किरणतज्ज्ञ नव्हे. कागद वाचून माझ्याही पोटात गोळा आला. त्याचे एक जुने कारण होते, ते पुढे सांगतो.

संध्याकाळी रुग्णवाहिका निघाली. तळकोकणातल्या माणसाचे दुखणे हाताबाहेर गेले की त्याला गोव्याला हलवतात. बांबोळी हे नाव आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते आणि ते हळू आवाजात घेतले जाते. काही जण घाट चढून कोल्हापूरला जातात. नांदगावाहून गोव्यातल्या मोठ्या रुग्णालयांपर्यंतचे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मी, मुलगा आणि त्याची आई मागे, बाप पुढे. रक्तदाब आणि नाडी खाली ठेवायचे औषध शिरेतून चालू होते. धमनी फाटलेली असेल तर प्रत्येक ठोक्याचा दणका कमी करायचा, हा त्यातला हेतू. रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाला आई पोराच्या छातीवर हात ठेवी, जणू बाहेरून दाबून धरता येईल. सावंतवाडी मागे पडल्यावर पोराने मला हळूच विचारले, "काका, ती फुटली तर दुखतला काय?"

मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. काहीतरी दिलेच असेल.

तिथे रात्रपाळीला असलेल्या क्ष-किरणतज्ज्ञ बाईंचे वय माझ्या धाकट्या मुलीएवढे. बापाने कागद पुढे केला तो त्यांनी घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "रिपोर्ट नको, चित्रं कुठे आहेत?" चित्रे म्हणजे एका तबकडीवर होती. ती तबकडी त्यांच्या संगणकावर उघडेना. दोन कापे छापलेली एक फिल्म होती, तिच्यावरून काही ठरेना. बापाच्या मोबाइलवर कोणीतरी पडद्याचे काढलेले फोटो होते, ते तर सोडाच. शेवटी सगळा स्कॅन पुन्हा करावा लागला. पुन्हा शिरेत आयोडीनचे औषध, पुन्हा किरण. या वेळी मात्र हृदयाच्या ठोक्याशी जुळवून घेतलेला.

मग त्यांनी मला शेजारी बसवून पडद्यावर जे दाखवले ते चाळीस वर्षांत मी इतके नीट पाहिले नव्हते.

आईच्या पोटात बाळ श्वास घेत नाही. फुप्फुसांना तेव्हा काम नसते, म्हणून त्यांच्याकडे जाणारे बरेचसे रक्त एका आडवाटेने थेट महाधमनीत सोडलेले असते. ही आडवाट महाधमनीला नेमकी त्या गळ्यापाशी, खालच्या आतल्या बाजूने येऊन मिळते. जन्मानंतर एक-दोन दिवसांत ती मिटते आणि पुढे काही आठवड्यांत तिचा सुतळीसारखा बंध होतो. आमच्याकडे वाफ्यात येणारा जुना पाट बांध घालून बंद करतात. पाणी बंद होते, पण पाट जिथे मिळत होता तिथे बांधाच्या आतल्या बाजूला थोडी खोलगट जागा वर्षानुवर्षे राहते. महाधमनीचेही तसेच. काही माणसांत त्या जागी गुळगुळीत उंचवटा राहतो. शंभरांत आठ-नऊ जणांत तो दिसतो असा अंदाज दिला जातो. त्याने काही बिघडत नाही. तो असलेला माणूस तो आहे हे न कळता म्हातारा होऊन मरतो.

म्हणजे पाहा, निसर्गाने जन्मखूण ठेवली ती नेमकी त्याच जागी, जिथे अपघातात धमनी फाटते. छातीतली एवढी मोठी वाहिनी, आणि साधा उंचवटा व जीवघेणी फाट यांना राहायला एकच घर! शिवाय तो बंध धमनीला तिथे बांधून ठेवतो, हेही ओढा तिथे बसण्याचे एक कारण मानले जाते. तेव्हा शेजार अगदी योगायोगाचाही नव्हे.

मग ओळखायचे कसे? बाईंनी चित्र पडद्यावर फिरवले. कडेने पाहिले तर उंचवट्याचे दोन्ही खांदे अलगद उतरत होते, घाटी हळूहळू मैदानात उतरावी तसे. फाटून झालेली पिशवी अशी उतरत नाही. ती धमनीच्या भिंतीशी टोकदार कोन करते, तिची कड खडबडीत असते, मान कधी अरुंद असते. दुसरे, पांढऱ्या रक्ताच्या आत कुठे बारीक काळी रेघ आहे का? आतले अस्तर सुटून प्रवाहात लोंबू लागले की तशी रेघ दिसते. इथे नव्हती. तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, ते धमनीच्या बाहेर. महाधमनीभोवती चरबीचा पातळ थर असतो, स्कॅनमध्ये तो काळसर दिसतो. फाट असेल तर त्यात रक्त झिरपून तो गढूळतो. या पोराचा थर धुतलेल्या पाटीसारखा स्वच्छ होता. उलट मात्र खरे नाही, हे बाईंनी बजावले. भोवती रक्त दिसले म्हणजे महाधमनीच फुटली असे नव्हे. मणका मोडला किंवा एखादी बारीक शीर तुटली तरी तिथे रक्त साचते. रक्त नसणे हा मोठा दिलासा, रक्त असणे हा फक्त पुढे शोधण्याचा हुकूम.

फसवणारे एवढेच नाही. त्या गळ्याच्या पुढे महाधमनी काही जणांत चातीसारखी किंचित फुगीर असते. बरगड्यांकडे जाणाऱ्या बारीक शाखांचे तोंड कधी नरसाळ्यासारखे रुंद असते. त्याच्या टोकातून वाहिनी निघताना दिसली की संशय फिटतो, पण ती दिसण्यासाठी कापे पातळ हवीत आणि बघणाऱ्याने एका कापावरून दुसऱ्यावर धीराने जायला हवे. हृदयाजवळचा भाग ठोक्यागणिक हलतो, त्यामुळे त्याची कड दुहेरी उमटते आणि थेट फाटल्यासारखी दिसते. म्हणून तर ठोक्याशी जुळवून स्कॅन. तरुणांत छातीच्या हाडामागे उरलेली बाल्यग्रंथी साचलेल्या रक्ताचे सोंग घेते. कमानीवरच्या शाखांची संख्या आणि क्रम यांतही घरोघरी फरक. एका सर्रास आढळणाऱ्या प्रकाराला पाश्चात्त्यांनी 'गाईची कमान' असे नाव दिले आहे. प्रत्यक्षात गाईची कमान तशी नसतेच. तिच्या कमानीवरून एकच मोठे खोड निघते. नाव ठेवणाऱ्याने गाय उघडून पाहिली नव्हती. आमच्या गोठ्यातल्या जनावरांवर हा आळ उगाच आला आहे, पण नाव टिकले.

पोराच्या छातीत इजा नव्हती. एक बरगडी तडकलेली आणि महाधमनीवर जन्मखूण. रक्तदाबाचे औषध बंद झाले, दोन दिवस ठेवून घेतले आणि घरी पाठवले. तोवर गावात चुलत्याने गणपती बसवला होता. मूर्ती आली, पूजा झाली, पण त्या घरात पहिल्या दिवशी आरतीला टाळ कोणी हातात घेतले नाहीत.

एवढ्यावर लेख संपवला तर वाचक म्हणतील, अहो, शेवट गोड झाला ना? फाट नव्हती हे कळले, बरेच झाले. चुकायचेच तर असे चुकावे. माझेही निम्मे मन असेच म्हणते, आणि त्याचे कारण १९९३ मधले आहे.

त्या वर्षी पावसाळ्यात फोंडाघाट उतरून आलेल्या एका ट्रकचा चालक माझ्या दोन खाटांच्या दवाखान्यात आला. ट्रक झाडावर गेला होता आणि स्टिअरिंग छातीवर बसले होते. चालत आला. छाती दुखते म्हणाला, पण हसतही होता. मालक काय म्हणेल याची त्याला जास्त काळजी. आसपास कुठे सीटी स्कॅन नव्हते. क्ष-किरण काढून आणला, त्यात छातीच्या मधली छाया जरा रुंद दिसली. आडवे झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये ती रुंद दिसतेच, हे मला ठाऊक होते, आणि मी स्वतःला तेच सांगितले. त्याला ठेवून घेतले. रात्री त्याने चहा मागितला, मी दिला नाही, सकाळी देतो म्हणालो. पहाटे चारच्या सुमाराला तो उठून बसला, पाठीत दोन खांद्यांच्या मधे काहीतरी होतेय म्हणाला आणि माझ्यासमोर गेला. शवचिकित्सेत कमानीच्या पुढे महाधमनी जवळजवळ गोलाकार फाटलेली निघाली. मला खात्रीने कळले असते तरी १९९३ मध्ये त्या रात्री मी त्याला कुठे पोचवू शकलो असतो? कदाचित कुठेच नाही. हे मी तीस वर्षे स्वतःला सांगतो आहे. चहा द्यायला हवा होता असेही सांगतो.

बाहेर जखम नाही म्हणजे आत नाही, हा समज सुशिक्षितांतही घट्ट आहे. ३ जून २०१४ रोजी गोपीनाथ मुंडे दिल्लीत अपघातात गेले तेव्हा अनेकांना तो धक्का पटेनाच, कारण बाहेरून फारसे काही दिसत नव्हते. शवचिकित्सेत यकृत फुटून पोटात रक्तस्राव झाल्याचे आणि मानेच्या मणक्यांना इजा झाल्याचे आढळले. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्या सीटवर, पट्टा न लावता. आमच्या वाडीत अजूनही मागे बसणाऱ्याला पट्टा लावायला सांगितले तर तो सांगणाऱ्याकडे बघून हसतो.

तेव्हा संशय घेतलाच पाहिजे, यात वाद नाही. वाद आहे तो संशय घेऊन झाल्यावर काय करायचे याचा. 'नाकारता येत नाही' हे वाक्य अलीकडे अहवालांत इतके सढळ झाले आहे की त्याचा अर्थच नाहीसा झाला. त्याचा खरा अर्थ पुष्कळदा 'मला माहीत नाही आणि मला कोर्टात जायचे नाही' एवढाच असतो. मी लिहिणाऱ्याला नावे ठेवत नाही. तो कधी दूर कुठल्या शहरात बसून रात्रीत चार गावांचे स्कॅन वाचत असतो. त्याच्यापुढे रुग्ण नसतो. मागणीच्या कागदावर लिहिलेले असते 'आरटीए', रस्ता अपघात, अशी तीन अक्षरे. गाडी काय वेगाने होती, पट्टा होता का, पाठ दुखते का, दोन्ही हातांचा रक्तदाब सारखा आहे का, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. फोन करून विचारायला त्याला सवड नसते आणि कोणाला विचारायचे तेही ठाऊक नसते. मग तो स्वतःला वाचवणारे वाक्य लिहितो. ते वाक्य वाचून रुग्णालय स्वतःला वाचवणारी रुग्णवाहिका मागवते.

आणि जादा संशयाची किंमत नसते असे मुळीच नाही. खर्च आणि हाल तर आहेतच. पण समजा त्या पोराच्या डोक्यालाही मार असता? फाटलेल्या धमनीसाठी रक्तदाब खाली आणतात आणि मार बसलेल्या मेंदूला तर पुरेसा रक्तदाब हवा असतो. नसलेल्या फाटीसाठी असलेला मेंदू उपाशी ठेवला असता. जन्मजात उंचवट्याला इजा समजून छाती उघडल्याचे प्रसंग वैद्यकीय वाङ्मयात नोंदले गेले आहेत. आता छाती न उघडता जांघेतल्या धमनीतून आवरणाची नळी बसवतात. अमेरिकेत स्टॅनफर्डला छातीच्या महाधमनीतल्या अशा नळ्यांचा पहिला मोठा अनुभव १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या इजेवरचे उपचार पुढे बदलूनच गेले. खऱ्या फाटीत ती नळी जीव वाचवते. तिने वाचलेली माणसे आज हिंडत-फिरत आहेत. पण सव्विसाव्या वर्षी विनाकारण बसवली तर ती काढता येत नाही, आणि आयुष्यभर ठरावीक काळाने स्कॅन करीत राहावे लागते. तेही आता ठाऊक झाले आहे की सगळ्या फाटी सारख्या नसतात. २०११ मध्ये अमेरिकन रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या संस्थेने दिलेल्या मार्गदर्शनात त्यांच्या चार पायऱ्या केल्या आहेत, आणि पहिल्या पायरीवरच्या, म्हणजे केवळ अस्तराच्या बारीक फाटी औषध देऊन नजरेखाली ठेवल्या तरी चालते. म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्याला 'आहे की नाही' एवढेच नव्हे, 'किती आहे' हेही सांगता यायला हवे.

स्कॅनच्या यंत्राचा शोध लावणारा हौन्सफिल्ड हा ईएमआय कंपनीतला इंजिनियर. ईएमआय म्हणजे ज्या घराण्याच्या एचएमव्ही तबकड्यांवर आपण नाट्यगीते ऐकली तेच. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र त्याच्या यंत्राने काढले आणि १९७९ मध्ये त्याला नोबेल मिळाले. तेव्हा एका कापाला मिनिटे लागत. आता सगळी छाती काही सेकंदांत होते आणि शेकडो कापे हाती येतात. यंत्राचे उद्घाटन करता येते, फीत कापता येते, त्यामुळे यंत्रे आली, आणखीही येतील. आमच्या जिल्ह्यात आता वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे, ही मोठीच गोष्ट. पण रात्री दोन वाजता ती शेकडो कापे धीराने वाचणाऱ्या माणसाच्या पदाची फीत कोणी कापत नाही.

निरोगी शरीर किती तऱ्हांचे असते, हे शिकवायला आम्ही तयार नसतो. मी विद्यार्थी असताना शवविच्छेदनाच्या टेबलावर एखादी शाखा पुस्तकाबाहेरची निघाली की आम्ही ती बाजूला सारत असू, कारण परीक्षेत ती येणार नसे. आजार शिकलो, अपवाद शिकलो, आणि निरोगी म्हणजे पुस्तकातले चित्र असे धरून बसलो. त्या रात्रीच्या बाई वेगळ्या कशा, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "काही नाही हो, मी रोज दुसऱ्याच कारणासाठी काढलेले छातीचे दहा स्कॅन बघते, त्यात मला हा बंप भेटतो. ओळखीचा झालाय." जिथे दिवसाला दोनच स्कॅन होतात तिथे ही ओळख व्हायची कशी? म्हणून दूरच्या गावातला डॉक्टर कमी हुशार असे नव्हे. त्याला तो उंचवटा भेटतच नाही.

त्याच्यापाशी ओळख नसेल तर ओळख असलेल्याचा डोळा त्याच्यापर्यंत न्यायला हवा, आणि हे आता अवघड राहिलेले नाही. पावसात टॉवर गेला नसेल तर स्कॅनची सगळी चित्रे नांदगावाहून गोव्याला किंवा मुंबईला काही मिनिटांत जातात. रुग्णाला मात्र अडीच-तीन तास लागतात. आधी चित्रे पाठवा, मग गरज असेल तर माणूस पाठवा, एवढी साधी गोष्ट रोजच्या कामात बसलेली नाही. महाधमनीचा संशय लिहायचा असेल तर तासाभरात दुसऱ्या अनुभवी तज्ज्ञाने ती चित्रे पाहिलीच पाहिजेत, असा नियम जिल्ह्याला करता येईल. त्याला नवे यंत्र नको, शासनाचा फार पैसाही नको. कोणाला फोन करायचा त्याची यादी आणि रात्री फोन उचलण्याचा मोबदला हवा. अर्थात थांबण्याचा तास धोक्याचा असू नये. भोवती रक्त दिसत असेल, रक्तदाब घसरत असेल, तर गाडी लगेच निघावी आणि चित्रे तिच्यापुढे धावावीत.

संगणकच आता चित्रे वाचील, असे तरुण डॉक्टर मला सांगतात. वाचू द्यावे की. पण तोही जर 'नाकारता येत नाही' म्हणूनच थांबणार असेल तर आमच्या वाडीला त्याचा काय उपयोग?

आणि कुटुंबाने करायचे ते थोडे आहे, पण आहे. कागदाबरोबर चित्रांची तबकडी मागून घ्यावी, आणि ती तिथल्याच संगणकावर उघडते का ते पाहून मग निघावे. अहवालात फुगवटा असे लिहिले असेल तर 'भोवती रक्त आहे का?' हा एक प्रश्न विचारायला हरकत नाही. विचारल्याने कोणी रागावत असेल तर रागावू दे.

पोरगा गेल्या गणपतीला आला होता, त्याच गाडीने. वर्षाने काढलेल्या स्कॅनमध्ये उंचवटा होता तेवढाच होता. बाईंनी त्याला शेवटच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिले आहे की हा जन्मजात आहे, इजा नव्हे. आईने तो कागद प्लास्टिकमध्ये घालून देवघरातल्या फळीवर ठेवला होता, गणपतीच्या पत्रिकेबरोबर. मी म्हटले, "अगे बाये, ह्यो हय कित्याक? उद्या परत खय आपटलो तर तो कागद गाडीत नको?" ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, बहुतेक 'परत आपटलो' हे शब्द मी सणासुदीला तोंडातून काढले म्हणून. मग तिने कागद खाली काढला आणि पोराच्या हातात दिला. त्याने तो गाडीच्या पुढच्या खणात, विम्याच्या कागदांबरोबर ठेवला. तबकडी अजून फळीवरच आहे.